कौतिक आबा अमीबाची चाल बघतात

धुळ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं अमळनेरच्या स्टँडवर खाली उतरता उतरता मगनला निरोप दिला, "तुझे आबा उद्या सकाळच्या गाडीनं येताहेत. जनावर बघायला. तयार ठेव म्हणाले." आणि तो चहा प्यायला गेला. कुठलं जनावर, हे त्यानं आबांना विचारलं नव्हतं. मगनचे वडील कौतिक आबा बैलांचे दलाल. जनावराखेरीज दुसरं काही बघायला त्यांनी जन्मात तिकीट काढलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाची मुलगी बघायला गेले तेव्हाही ते आधी गोठ्यात शिरले होते, असं गावातले लोक सांगतात. मुलगी पसंत पडली ती नंतर.

पण या खेपेचं जनावर अमीबा होतं.

मगन त्या वेळी स्टँडवर काय करत होता, हे मगनलाही सांगता आलं नसतं. त्याच्यानं एका जागी बसवत नसे. खोलीत अभ्यासाला बसला की डावा गुडघा आपोआप हलायला लागे, गुडघ्यापाठोपाठ टेबल, टेबलापाठोपाठ कंदील, आणि शेवटी घरमालकीण मंजुळाबाई भिंतीवर थाप मारून विचारत, "मगन, गिरणी लावलीस का रे?" मग तो उठे आणि पायांना जिकडे जायचं असेल तिकडे जाऊ देई. पाय बहुतेक वेळा स्टँडवर नेत. तिथं निदान बाकीचं सगळंही हलतं असे.

घोळ दिवाळीत झाला होता. इंटर सायन्सला असलेला मगन सुट्टीत घरी गेला. घर म्हणजे धुळ्याच्या देवपूर भागापलीकडे, पांझरेकाठच्या एका खेड्यात. पारावर माणसं बसली होती आणि कुणीतरी सहज विचारलं, कॉलेजात काय शिकवतात. मगननं सहज सांगितलं. इथंच चुकलं.

"एक जीव असतो, पाण्यात. त्याला पाय नसतात. कुठं जायचं मनात आलं की अंगातूनच एक पाय बाहेर काढतो. काम झालं की पाय परत अंगात."

"तोंड?" आबांचे जोडीदार भटू नाना म्हणाले. नाना आबांबरोबर बाजारात बैलांचे दात बघायचं काम करत, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न नेहमी तोंडाविषयी असे.

"तोंड नाही. खायचं काही दिसलं की दोन्हीकडून पाय काढून मिठी मारायची. मिठी पुरी झाली की ते पोटात."

"डोये?"

"नाहीत."

"शेपूट?"

"नाही."

"मंग शे तरी काय त्याले?"

"भूक," मगन म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कौतिक आबांना बाजारात उभं राहणं कठीण झालं. सौदा अर्ध्यावर आला की समोरचा म्हणे, "कौतिकभाऊ, बैल ऱ्हाऊ द्या. तुमना पोऱ्याना जनावरले आज पाय फुटनात का नही?" दलालाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा शब्द. घरातला एक शब्द हास्यास्पद ठरला की बाकीच्या शब्दांकडे लोक संशयानं बघायला लागतात. शेवटी आबा मगनला म्हणाले, "मी सोता येसू. सोता देखसू. चालनं तर शिक कितलंबी. नही चालनं तर पेटी उचल, नि बजारमा मनासंगे उभा ऱ्हाय."

आबा दुष्ट नव्हते. त्यांना पोरगा जवळ हवा होता. बाजार उठल्यावर, धूळ खाली बसताना, ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं कुणी हवं होतं. नाना होते, पण नाना बोलायचे फक्त दातांविषयी.

मगनला काय हवं होतं, ते सांगणं अवघड. तालीम त्यानं दंडाला आकार येण्याआधी सोडली. शिंप्याकडे गेला, काजं करायला शिकला आणि गुंड्या शिकवायच्या आधी पळाला. पेटी वाजवायला बसला, तर दोन सूर आले आणि तिसऱ्याची वाट बघवेना. अमीबा मात्र वर्गात सरांनी शोधून भिंगाखाली लावला, आणि मगननं डोळा लावला, तेव्हा मागच्या पोरानं कोपरानं ढोसेपर्यंत तो तिथंच होता. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की तेवढा वेळ गुडघा हलला नव्हता. तो घाबरलाच. आपल्याला काही झालं की काय, म्हणून त्यानं गुडघा मुद्दाम हलवून बघितला.

पण स्वतःहून त्यानं अजून एकही अमीबा शोधला नव्हता. ही गोष्ट त्यानं पारावर सांगितली नव्हती.

आबांसाठी मात्र त्यानं तयारी केली होती. बोरी नदीच्या एका साचलेल्या डबक्यातून तळाचा गाळ, कुजकी पानं आणि पाणी आणलं. मंजुळाबाईंच्या परसात पडलेल्या, काठ उडालेल्या मडक्यात ते ओतलं, वर उकडलेल्या गव्हाचे दाणे टाकले, आणि मडकं खाटेखाली ठेवलं. हळूहळू त्याला असा वास यायला लागला की मांजरानं खोलीत येणं सोडलं. मगन खूश झाला. सर म्हणाले होते, वास आला की समजावं, आत संसार सुरू झाला.

निरोप मिळाला त्या संध्याकाळी तो मंजुळाबाईंना म्हणाला, "अक्का, उद्या माझे आबा येणारेत, म्हणजे नानाही. या मडक्यातले जीव बघायला. जरा लक्ष असू द्या." आणि पायांनी त्याला स्टेशनकडं नेलं.

मंजुळाबाईंनी लक्ष असू दिलं.

सकाळी उठून मगननं खाटेखाली हात घातला, तर हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. तांब्याचं घंगाळ. चिंचेनं घासून असं लखलखीत केलेलं की त्यात मगनला आपलं तोंड दिसलं, आणि तोंड उतरलेलं होतं. घंगाळात पाणी होतं. स्वच्छ, नितळ, तीर्थासारखं.

"अक्का! मडकं कुठंय?"

"अरे, फुटक्या मडक्यात का दाखवतात पाहुण्यांना?" मंजुळाबाई चुलीपुढूनच म्हणाल्या. "तुझे वडील येणार, आणि तू असं खरकटं ठेवलेलं! मी म्हटलं, जीव कुणाचेही असोत, भांडं चांगलं पाहिजे. रात्रभर तांब्यात राहिलंय, पाणी एकदम शुद्ध झालं असेल. आणि काय रे तो गाळ! दुहेरी फडक्यानं गाळून घेतलं."

पाणी शुद्ध झालं होतं यात शंकाच नव्हती. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तांब्याच्या भांड्याला हात लावू नका, तांबं उतरलं की पाण्यातले बारीक जीव मरतात. मगननं तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. मंजुळाबाई त्या तासाला नव्हत्या.

हे समजावून सांगायला वेळच नव्हता. गाडी आली होती आणि दारात दोन पागोटी दिसत होती.

"कोठे शे?" आबा चप्पल काढायच्या आधी म्हणाले.

रविवार होता. सर एका लग्नाला गेले होते आणि मगनच्या फार विनवण्या ऐकून त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली होती, तीही अशा चेहऱ्यानं की जणू घरातली सून माहेरी पाठवताहेत. आबा आणि नाना आत शिरले. नानांनी बाटलीतल्या बेडकाचं तोंड वाकून बघितलं आणि मान हलवली. "म्हातारं शे," ते म्हणाले.

घंगाळातलं पाणी मगननं थेंबाथेंबानं काचपट्टीवर घेतलं. काही नव्हतं. आरसा फिरवून खिडकीतलं ऊन भिंगाखाली आणलं. ऊन दिसलं, बाकी काही नाही. गुडघा हलायला लागला होता.

"मगन," आबा म्हणाले, "गिऱ्हाईक उभं शे."

मगननं कपाट उघडून शिकवण्यासाठी ठेवलेली तयार काचपट्टी काढली. लाल रंग दिलेला, डिंकात बसवलेला अमीबा. आबांनी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. बराच वेळ बघितलं.

"हालत नही."

"हो. म्हणजे, हा..."

"मरेल शे."

"शिकवायला असाच असतो, आबा."

"मरेल बैल दखाडीसन चाल इचारस का कोनी?" आबा शांतपणे म्हणाले. नाना पुढे झाले, त्यांनी बघितलं आणि कबूल केलं की तोंड खरंच नाही.

आता कपाटाच्या वरच्या खणात एक बरणी होती. भिजवलेल्या गवताचं पाणी, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. त्यात दुसरेच जीव होते, चपलेच्या आकाराचे, अंगभर बारीक केस असलेले, नुसते इकडून तिकडे धावणारे. त्यांचा आणि अमीबाचा संबंध बैलाचा आणि सशाचा असतो तेवढाच. हे मगनला पुरतं ठाऊक होतं. तरी त्यानं त्या बरणीतला थेंब काचेवर घेतला. तोंडावर हसू आणलं, आणि आवाज एकदम मोकळा आला. एवढा मोकळा आवाज आपल्याला येतो, हे त्याला नवीनच होतं.

"हा बघा आबा! हाच तो. काय चाल आहे बघा. थांबतच नाही गडी!"

आबांनी डोळा लावला. भिंगाखाली बाजार उठल्यासारखी पळापळ चालली होती. मग त्यांनी डोळा काढला आणि मगनकडे बघितलं. भिंगातून बघितलं होतं त्याहून जास्त वेळ बघितलं.

"हाऊ तो नही."

"आबा, तुम्ही कधी पाहिलाय का अमीबा?"

"नही. मी जनावर नही देखस. मी इकणारानं तोंड देखस." त्यांनी बोटानं मगनचं तोंड दाखवलं. "खोटा बैल गयामा मारताना असंच हाससत लोके."

मगन खाली बघायला लागला. आता ओरडतील, असं त्याला वाटलं. पण आबांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच पसरत होतं. ते हळूहळू, कडेकडेनं उजळत होतं.

"भटू," आबा म्हणाले, "पोऱ्यानी बदली मारी! एक सांगीसन दुसरं दिनं! आपला बापले! हासत हासत!"

"पहिलाच झटका," नाना कौतुकानं म्हणाले.

"मी याले बजार शिकाडसू म्हणत व्हतू. हाऊ तर शिकीसनच उना!" आबांनी मगनच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कपाटाला टेकला. "चाल. पेटी भर. दुपारनी गाडी शे."

कॉलेजात राहावं म्हणून मगन खोटं बोलला होता, आणि त्या एका खोट्यानं तो बैलबाजारात पहिल्या वर्गात पास झाला होता. तोंड उघडून खरं काय ते सांगावं तर खरं कमी आणि फजिती जास्त. पाय दाराकडे वळले. नेहमीसारखे. या वेळी त्यानं त्यांना जाऊ दिलं नाही.

"आबा, गाडी दुपारी आहे ना? तोवर थांबा. खरा दाखवतो."

"आनि नही दखाडना तर?"

"तर पेटी मी स्वतः उचलीन. गुपचूप."

आबांनी खिडकीतलं ऊन बघितलं. सौदा पक्का असताना गिऱ्हाइकाला थोडं खेळू द्यायला हरकत नसते. "चाल," ते म्हणाले.

तिघं मंजुळाबाईंच्या परसात आले. "अक्का, गाळ कुठं फेकला?" मगननं विचारलं. मंजुळाबाईंनी घोसाळ्याच्या वेलाकडे हात केला. "वेलाला घातला. वाया का घालवायचा?" वेलाच्या आळ्यात काळा, ओला चिखल होता. मगन गुडघ्यांवर बसला आणि चमच्यानं चिखल वाटीत घ्यायला लागला. काचेच्या वाटीत. मंजुळाबाई पितळी पुढं करत होत्या, ती त्यानं हात जोडून परत केली. नाना आबांच्या कानात म्हणाले, "पोऱ्याले शिकाडाले तुम्ही पैसा देतस ना?"

पुन्हा प्रयोगशाळा. पहिला थेंब: माती. दुसरा थेंब: माती आणि एक किडा, जो स्वतःच हरवला होता. मग थेंबामागून थेंब. नानांनी बांधून आणलेली भाकरी सोडली, आबांनी ठेचा सोडला, दोघं जेवले आणि मगनच्या नावाची अर्धी भाकरी बेडकाच्या बाटलीशेजारी ठेवून दिली. खिडकीतलं ऊन सरकत होतं. मगन आरसा त्याच्यामागं फिरवत होता. डोळा चुरचुरायला लागला. उठावं, स्टँडवर जावं, बोरीच्या पुलावर जावं, जिथं काहीच शोधायचं नसतं अशा ठिकाणी जावं, असं सगळ्या अंगातून येत होतं. तो उठला नाही. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग थोडी खाली, परत या टोकापर्यंत. शेत नांगरल्यासारखी.

आणि एका जागी मातीचा राखाडी डाग होता, ज्याच्या आतली वाळू वाहत होती.

मगननं श्वास घेतला नाही. डागाची एक कड किंचित फुगली. "आबा!" तो ओरडला, गुडघ्यानं उडी मारली, टेबल हादरलं, आणि डागानं आपलं सगळं आवरून घेतलं. एक गोळी होऊन तो बसला.

आबांनी डोळा लावला. "गोटी शे."

"हादरला तो. टेबल हललं की पाय आत घेतो. थोडं थांबा, काढील."

पण टेबल हलतच होतं, कारण गुडघा हलत होता, आणि गुडघा हलत होता कारण मगन त्याला थांब म्हणून सांगत होता. नाना काही वेळ हे बघत राहिले. मग खाली बसले आणि नाल ठोकताना बैलाचा पाय धरतात तसा त्यांनी मगनचा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी आवळून धरला.

"आते हालाव," नाना म्हणाले.

टेबल स्थिर झालं. मगन एका पायावर उभा होता. बाहेर तेलाच्या गिरणीचा भोंगा झाला. आबांचा डोळा भिंगाला होता आणि पाठ वाकलेली होती.

"फुगनं," आबा हळूच म्हणाले.

"कुठल्या बाजूनं?"

"उजवा आंगे. पोटमा मजार काहीतरी वाही ऱ्हायनं. बठ्ठं, सगळं, तिकडंच." मग बऱ्याच वेळानं, "पाय शे, भो. पाय काढा त्यानी."

"म्हणजे तोंड तिकडं शे का?" खालून नानांनी विचारलं.

"तोंड नही, भटू. जिकडं पाय, तिकडं म्होरं." थोडं थांबून आबा म्हणाले, "आरे, आते डावीकडंबी काढा. पहिला सोडी दिना. मागलं बठ्ठं गोया करीसन नवा पायमा वती दिनं." त्यांचा आवाज आपोआप खाली गेला होता, जनावर बुजू नये म्हणून माणसं बोलतात तसा. "हाऊ चालत नही. हाऊ सोताले वतस, नि सोताना मांगे जास."

मगननं ही गोष्ट पुस्तकात वाचली होती, सरांकडून ऐकली होती. इतकी नीट त्याला कुणी सांगितली नव्हती.

"त्याना म्होरे एक बारीक हिरवं शे," आबा म्हणाले. "गोल गोल फिरी ऱ्हायनं. येडं."

"ते खाईल तो," मगन म्हणाला. "थांबा."

"दोन पाय काढात. एक आठेन, एक तठेन. लागू नही दिना त्याले. हिरवाले पत्ताच नही." आबा भिंगावर आणखी वाकले. एवढे वाकले की नाना मगनचा पाय मांडीवर घेऊनच अर्धवट उठले, आणि मगनला पडता पडता टेबलाऐवजी कपाट धरावं लागलं. "मियनात. दोन्ही पाय मियनात. बंद. हिरवं मजार फिरी ऱ्हायनं आजून."

दुपारची गाडी गेली असणार. मगनला ते ठाऊक होतं, आबांनाही असावं. आबांनी डोळा काढला नाही. पागोटं सरकून कानावर आलं होतं. मगनला वाटलं, आता विचारावं, राहू ना? पण त्यानं विचारलं नाही. आपण जिंकलो, अशी एक गुदगुली त्याला पोटात होत होती, आणि तिच्यामुळे पुन्हा गुडघा हलेल अशी भीतीही.

"आते काय करी तो?" आबांनी विचारलं. "कोठे जाई?"

हा प्रश्न सोपा होता. काहीही सांगता आलं असतं. उजेडाकडं जाईल, अन्नाकडं जाईल, सावलीकडं. त्यातलं एखादं खरंही निघालं असतं. सकाळचा तो मोकळा आवाज घशात तयार उभा होता. मगननं भिंगाकडं बघितलं, आबांच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं.

"माले माहित नही, आबा," तो म्हणाला. "सरांनाही नसेल. बघत बसावं लागतं."

आबा सरळ झाले. डोळा लाल झाला होता. तो त्यांनी उपरण्यानं पुसला. मगनच्या तोंडाकडं त्यांनी सकाळसारखंच, सावकाश बघितलं.

"बजारमा असं बोलशी ना," ते म्हणाले, "तर उपाशी मरशी."

"हो."

"इकणारानं कधी म्हणाले नको, माले माहित नही. बैल आंधया ऱ्हायना तरी." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "सकायमा माले वाटनं, पोऱ्या मना धंदामा उना. लई बरं वाटनं व्हतं." त्यांनी पागोटं नीट केलं. "तू आठेच ऱ्हाय. कॉलेजमा."

नानांनी मगनचा पाय सोडून दिला होता आणि मुंग्या आल्यामुळे तो पाय आपला आहे की नानांचा, हेही त्याला नीट कळत नव्हतं.

"चाल भटू. संध्याकायनी गाडी भेटी जाई."

"मी नही देखा आजून!" नाना म्हणाले.

नाना वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही उघडले. "आठे काहीच नही," ते म्हणाले.

मगननं त्यांना बाजूला करून बघितलं. माती होती, पाणी होतं, उरलंसुरलं ऊन होतं. अमीबा नव्हता. कुठल्या बाजूनं गेला, ते सांगायला मागे काही सोडून गेला नव्हता.

"असेल इथंच," मगन म्हणाला, आणि पट्टी सरकवायला लागला. दारात आबांच्या चपला वाजल्या, मग पायरीवर, मग मैदानात. त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला जायला हवं होतं. पाय जायला तयारही होते. "आलोच, आबा!" तो डोळा न काढता ओरडला, आणि पट्टी आणखी थोडी सरकवली.